व्याह्यांचे सुवाच्य आभार

गोपाळराव वैरागड्यांचं अक्षर सुंदर होतं आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच. ज्याचं अक्षर बेताचं असतं तो पोस्टकार्ड लिहितो, पेटीत टाकतो आणि जेवायला बसतो. गोपाळरावांना ही सोय नव्हती. शिक्षण खात्याच्या एका कचेरीत ते अव्वल कारकून होते. जिल्ह्यात कोणी कवायतीत पहिला आला, वक्तृत्वात दुसरा आला किंवा अल्पबचत सप्ताहात नुसता हजर राहिला, तरी त्याच्या प्रमाणपत्रावरचं नाव गोपाळरावांच्या बोरूतून उतरायचं. कोणाकडे चहाला गेले की ते आधी भिंती बघत. एखाद्या चौकटीत आपलं अक्षर दिसलं की चष्मा पुसून "हे आमचंच" म्हणत. यजमानांच्या मुलाने नेमकं काय केलं होतं, याची चौकशी मात्र कधी करत नसत.

चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात त्यांच्या इंदूचं लग्न झालं. मुलगा काटोलचा, रवींद्र घोरमाडे. घरचे संत्र्याचे बगीचे. लग्नाच्या सकाळी आचाऱ्याचं मांडवात कोणाशी तरी वाजलं आणि तो झारा टाकून चालता झाला. चुली पेटलेल्या, वांगी चिरलेली, वऱ्हाड उतरलेलं. मुलीच्या बापाचं अशा वेळी काय होतं ते सांगत बसण्यात अर्थ नाही. गोपाळरावांनी मांडवाचा खांब धरला आणि तो सोडलाच नाही. तेवढ्यात मुलाचे वडील चंपतराव उठले. त्या दिवशी त्यांना फक्त बसायचं, रुसायचं आणि मान घ्यायचा, एवढंच काम होतं. त्यांनी कोट काढून खिळ्याला अडकवला, फेटा सोडून कमरेला गुंडाळला आणि कढईपाशी जाऊन उभे राहिले. तीन पंगती उठल्या. वांग्याची भाजी लोकांनी मागून मागून खाल्ली. कढईपाशी कोण होतं हे बाहेर कोणाला कळलं नाही, आणि वऱ्हाडातल्या ज्या दोघाचौघांना कळलं त्यांना चंपतरावांनी डोळे वटारून गप्प केलं.

पाहुणे पांगल्यावर गोपाळराव पत्नीला म्हणाले, "व्याह्यांचे आभार मानायला हवेत."

मनकर्णाबाई कैरीच्या फोडींना मीठ लावत होत्या. "आपल्या माणसाचे आभार मानतेत काय जी? काटोलले गेले की म्हणजा, भाजी झकास झाली होती. झालं."

"हे तोंडी भागण्यासारखं नाही. हे लेखी पाहिजे. आणि असं लेखी, की त्यांनी आयुष्यभर जपून ठेवावं."

मनकर्णाबाईंनी पुढच्या फोडींना मीठ लावायला घेतलं. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी एवढं ओळखलं होतं, की नवऱ्याने 'लेखी' हा शब्द उच्चारला की पुढे बोलून उपयोग नसतो.

कागद सीताबर्डीवर ताराचंदच्या दुकानातून आला. पाहुण्यांच्या खोलीच्या खिडकीला लावता येईल एवढा मोठा, जाड आणि दुधासारखा पांढरा. बोरू गोपाळरावांनी स्वतः कापला, त्याचं टोक तिरपं करण्यात एक रविवार गेला. मग ते पाटावर बसले आणि नागपूरच्या मे महिन्याशी त्यांची गाठ पडली. कूलर लावला की वाळ्याच्या ताट्यांतून पाण्याचे बारीक तुषार उडायचे आणि शाई फुटायची. कूलर बंद केला की मनगटाचा घाम कागदावर टपकायचा आणि शाई तरीही फुटायची. पंखा लावला तर कागद उडायचा. त्यांनी मनगटाला पंचा गुंडाळला, कपाळाला दुसरा पंचा बांधला आणि दार लोटून लिहायला लागले. शेजारच्या शोभाताई साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी हे रूप पाहिलं आणि कोणाला काही लागलं का, म्हणून गल्लीत विचारत सुटल्या.

पहिला कागद असा घामात गेला. दुसऱ्यावर मनकर्णाबाईंनी मुगवड्या घातल्या. त्यांचंही चुकलं नव्हतं. एवढा मोठा, स्वच्छ, पांढरा कागद गच्चीवर उन्हात पसरलेला दिसल्यावर कुठल्याही बाईला वड्याच सुचणार. तिसरा कागद येईपर्यंत मृग लागला आणि शाई वाळणंच बंद झालं.

कागदाचं एक वेळ निभलं असतं. मजकुराचं निभेना. गोपाळरावांनी वहीत पहिल्यांदा जे लिहिलं होतं ते असं होतं: 'चंपतराव, त्या दिवशी तुम्ही कोट काढून खिळ्याला अडकवलात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खांब धरून उभा होतो. मला वाटलं, माझी पोर चांगल्या घरी चालली आहे.' फार चांगलं होतं हो. तेवढंच कार्डावर लिहून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण गोपाळरावांच्या टपोऱ्या अक्षरांत कोट खिळ्याला अडकेपर्यंतच अर्धा कागद भरला. अक्षर लहान करावं तर कलेचा अपमान. तेव्हा शब्द कमी करणं आलं, आणि शब्द कमी करायचे म्हणजे नानाजी आले.

नानाजी निनावे समोरच राहत. जन्मभर तार ऑफिसात काढून नुकतेच निवृत्त झालेले. एका शब्दात काम होत असताना कोणी दोन वापरले की त्यांच्या पोटात दुखायचं. ते लाल पेन्सिल घेऊनच बसले.

"डोळ्यांत पाणी आलं, हे कायले लिहून राहिले? त्यायनं पाह्यलंच असन. काटा."

पाणी काटलं गेलं.

"खांब कायले पाहिजे? तुमचा खांब त्याइच्या काय कामाचा?"

खांबही गेला. शोभाताई उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचं म्हणणं उलटं होतं. "मानाचा माणूस आहे वरपक्षाचा. नुसतं चंपतराव कसं? श्रीमान लिहा, मुक्काम पोस्ट लिहा, तारीख लिहा. अन् भोवती वेलबुट्टी पाहिजे. संत्रे काढा, त्याइचा बगीचा आहे."

गोपाळरावांनी दोघांचंही ऐकलं. नानाजींनी मजकुराला जिथे जिथे भोकं पाडली तिथे काहीतरी भरणं भाग होतं, आणि हात नेहमीचाच असल्यामुळे त्यात नेहमीचेच शब्द येऊन बसले. इतकी वर्षं ज्या बोटांनी एकच मजकूर लिहिला, त्यांना दुसरं सुचणार तरी काय. पोळ्यानंतर एकदाची उघडीप पडली तेव्हा जे तयार झालं ते असं:

'आभारपत्र. श्रीमान चंपतराव घोरमाडे, मु. पो. काटोल, यांनी दिनांक बारा मे रोजी संपन्न झालेल्या विवाहप्रसंगी, आचारी अनुपस्थित असता, तीन पंगतींच्या स्वयंपाकाचे काम समाधानकारकरीत्या पार पाडले. सबब त्यांचे आभार मानण्यात येत आहेत.'

खाली सही. सहीच्या डाव्या हाताला शिक्क्यासाठी सवयीने सोडलेली जागा. भोवती संत्र्यांची वेल, जी शोभाताईंच्या मते लिंबांची झाली होती. पण अक्षर मात्र असं उतरलं होतं की गोपाळराव स्वतःच खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला पाठ लावून ते वाचत आणि पुन्हा जवळ येऊन वाचत. इतका प्रेमळ मजकूर आपण याआधी कधी लिहिला नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. माणूस आपल्या अक्षराच्या प्रेमात पडला की असंच व्हायचं.

टपाल कचेरीत वेगळाच पेच निघाला. एवढ्या कागदाला पाकीट मिळेना आणि घडी घालायची तर गोपाळरावांच्या काळजाला घडी पडली असती. म्हणून सुरळी करून नेली. खिडकीतल्या बाबूने ती दोन्ही बाजूंनी निरखली. "दोन्ही टोकं उघडी आहेत तं बुकपोस्ट, स्वस्तात जाईन. पण आत पत्र असन तं बुकपोस्ट चालत नाही. पाहावं लागन."

त्याने सुरळी उलगडली, वाचली, शेजारच्या बाबूला वाचायला दिली. रांगेतल्या लोकांनीही माना लांब केल्या. मग तो निकाल देत म्हणाला, "हे पत्र नोहे साहेब. पत्रात खुशाली असते, आशीर्वाद असते. हे सर्टिफिकेट आहे. जाईन बुकपोस्टानं."

गोपाळरावांना हे लागलं. पण नियम त्यांच्या बाजूने होता आणि नियमापुढे आपल्या भावना मध्ये आणायच्या नाहीत, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. ते हसतमुखाने घरी आले आणि काटोलहून उत्तराची वाट बघू लागले.

काटोलहून उत्तर आलं ते दसऱ्यानंतर, आणि चंपतरावांचं नाही, इंदूचं.

'बाबा, तुम्ही हे काय पाठवलं?' अशीच सुरुवात होती. चंपतराव सकाळी संत्रा मार्केटात असतात म्हणून पोस्टमनने सुरळी तिथेच नेऊन दिली. व्यापाऱ्यांना वाटलं काही सरकारी बक्षीस आलं. दोघांनी दोन टोकांना धरून कागद उभा केला आणि अक्षर एवढं स्वच्छ, की मार्केटाच्या पार फाटकापाशी बसलेल्या गाडीवाल्यांनीही ते वाचलं. ज्या गोष्टीवर चंपतरावांनी डोळे वटारून पांघरूण घातलं होतं ती पोरासोरांनाही ठाऊक झाली. चौथ्या दिवशी शेजारच्या गावाहून एक माणूस दारात आला आणि तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली आहे, सर्टिफिकेटवाले आचारी हेच काय, असं विचारू लागला. तेव्हापासून मामंजी कोणाशी बोलत नाहीत. एकदाच बोलले: 'तुह्या बाबानं माहे आभार मानले. आभार परक्याचे मानतेत. मंग परक्याच्या घरी मी माही सून दिवाळीले काहून धाडू?'

मनकर्णाबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि चुलीपुढे बसून डोळ्यांना पदर लावला. पहिली दिवाळी. जावयाचा पाट, इंदूचं न्हाणं, सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. इंदूसाठी घेतलेली अंजिरी साडी कपाटातून काढून त्यांनी एकदा पाहिली आणि पुन्हा आत ठेवली. ते पाहून आयुष्यात पहिल्यांदाच गोपाळरावांना आपल्या अक्षराची लाज वाटली.

बातमी समोरच्या घरात पोचायला वेळ लागला नाही. नानाजी म्हणाले, तार करा, दोनच शब्द, 'दिलगीर. गोपाळ.' शोभाताई म्हणाल्या, तशाच वेलबुट्टीत एक क्षमापत्र लिहा, यंदा संत्री मी काढून देते. गोपाळरावांना शोभाताईंचं क्षणभर पटलं आणि त्यांचा हात कागदाकडे गेलाही.

"तो बोरू राहू द्या घरी," मनकर्णाबाई म्हणाल्या, "अन् तुम्ही जा."

सकाळच्या एस.टी.ने गोपाळराव काटोलला निघाले. वाटभर त्यांनी बोलायची वाक्यं जुळवली. त्यांतल्या प्रत्येकात 'सबब' येत होता आणि प्रत्येक वेळी ते तो काढून टाकत होते.

घोरमाड्यांच्या वाडीत आंबिया बहाराची तोड चालू होती. अंगणात संत्र्यांचा ढीग, गवत, लाकडी पेट्यांच्या उतरंडी. चंपतरावांनी व्याह्यांना पाहिलं आणि गड्याला हाक मारून खुर्ची मागवली. खुर्ची झटकून मधोमध ठेवली.

"बसा साहेब."

व्याहीबुवा नाही, साहेब. गोपाळराव बसले. पाणी आलं, तेही काचेच्या ग्लासात.

"पाणी प्याले. आभारी आहो," चंपतराव म्हणाले.

"चंपतराव, मी त्या पत्रासंबंधी..."

"पत्राचा विषय काहाडला. आभारी आहो."

"आपण गैरसमज करून घेऊ नये, माझा हेतू..."

"हेतू होता. त्याचेबी आभार."

माणसाने शिव्या दिल्या तर उत्तर देता येतं. याला काय उत्तर देणार? चहा आला तर चंपतरावांनी चहा घेतल्याबद्दल आभार मानले, बशी खाली ठेवल्याबद्दल मानले. गोपाळरावांचे कान लाल झाले. आपण कारकून असलो तरी कोणी आपल्याला असं समाधानकारकरीत्या सोललं नव्हतं, असं त्यांना वाटलं, आणि तो शब्द इथेही मनात आला म्हणून ते स्वतःवरच चिडले.

दाराआड बांगड्या वाजल्या. विहीणबाई, भागीरथाबाई, हसू दाबत होत्या. "फाडून टाका म्हटलं तं फाडतबी नाहीत," त्या दाराआडूनच म्हणाल्या. "म्हणतेत, अक्षर लय सुंदर आहे. रोज काहाडून पाहतेत अन् रोज नव्यानं राग आणतेत."

"तू चूप राय वं," चंपतराव म्हणाले. मग आवाज चढवून गोपाळरावांकडे वळले, आणि आभाराचं सोंग गळून पडलं. "मले सांगा, मी काहून उठलो होतो त्या दिवशी? माह्या घरचं लग्न म्हून उठलो. माह्या पोराच्या सासऱ्याची इज्जत ते माही इज्जत. अन् तुमी मले काम समाधानकारक केलं म्हून लिहून देल्लं? उद्या मी भाकर खाल्ली तं त्याचंबी लिहून देसान काय?"

गोपाळरावांची जुळवून आणलेली वाक्यं एस.टी.तच राहिली होती. ते खाली मान घालून बसले.

तेवढ्यात फाटकाशी ट्रक येऊन उभा राहिला. कलकत्त्याचा माल संध्याकाळच्या गाडीवर चढायचा होता. पेट्या भरून खिळे ठोकलेल्या, पण एकीवरही नाव नाही. पेट्या रंगवणारा पेंटर दिवाळीच्या दुकानांच्या पाट्या लिहायला गेला तो आलाच नव्हता. चंपतराव ड्रायव्हरवर ओरडले, गड्यावर ओरडले, रवींद्रवर ओरडले. रवींद्रने कुंचला उचलला आणि 'घोरमाडे'मधला 'घो' असा काढला की बायकांनीही तोंड फिरवलं.

गोपाळराव खुर्चीवरून उठले. कोट काढला, खुर्चीच्या पाठीला टाकला, आणि न विचारता जावयाच्या हातून कुंचला घेतला.

पहिल्या पेटीवर त्यांनी 'घोरमाडे' लिहिलं ते असं की मांडीवर घेऊन बघत राहावं. घ च्या पोटाची गोलाई, मात्रेची लचक, शिरोरेघ एका दमात. ते एक पाऊल मागे सरून न्याहाळू लागले.

"वेल काढून राहिले काय?" चंपतराव मागून कडाडले. "ट्रक उभा आहे. गाडी काय तुमच्या शिरोरेघेसाठी थांबन? घसीट लिहा."

घसीट. हा शब्द गोपाळरावांना आजवर कोणी उच्चारून दाखवला नव्हता. त्यांनी कुंचला बुडवून दुसरी पेटी घेतली. तिच्यावर मात्रेची लचक गेली. पुढच्यांवर गोलाई गेली. ढीग कमी होईना, ट्रकवाला भोंगा वाजवी, चंपतराव 'हात चालवा, हात चालवा' म्हणत पेट्या सरकवत आणि गोपाळराव वाकून, घामाघूम होऊन, गुडघ्यांना काळा रंग माखून काटोल आणि कलकत्ता यांची चिरफाड करत होते. शेवटी शेवटी तर शिरोरेघ देणंही त्यांनी सोडून दिलं. अल्पबचत सप्ताहाच्या कोणी माणसाने ते पाहिलं असतं तर त्याने आपलं प्रमाणपत्र परत केलं असतं. आणि खरं सांगायचं तर गोपाळरावांना मजा येऊ लागली होती. ते एकदा रवींद्रवर खेकसलेही, "अरे, पेटी उलटी ठेवली का? पाहून ठेवत जा ना गा."

ट्रक गेला. गोपाळराव गवतावरच बसले. मनगट उचलेना. चंपतराव आले आणि शेवटी चढवायची राहून गेलेल्या एका पेटीकडे डोकं तिरपं करून बराच वेळ बघत राहिले.

"लय घाण अक्षर आहे तुमचं, व्याहीबुवा," ते म्हणाले. "चला, हातपाय धुवा. जेवाचं झालं."

कोणी आभार मानले नाहीत. इंदूने मोरीवर पाणी दिलं, भागीरथाबाईंनी पान वाढलं, चंपतरावांनी स्वतःच्या हाताने भाकरीवर जवसाची चटणी आणि तेल घातलं, आणि दिवसभराच्या त्या कामाबद्दल एका माणसाने चकार शब्द काढला नाही. गोपाळराव जेवता जेवता त्याचीच वाट बघत होते आणि तो येत नाही म्हणून त्यांना आतून इतका आनंद होत होता, की त्यांनी तिसरी भाकरी मागून घेतली.

जेवण होईपर्यंत इंदूची ट्रंक दारात येऊन बसली होती. कोणी सांगितलं नव्हतं. सासूने भरली आणि सासऱ्याने उचलून बाहेर ठेवली.

स्टँडवर एस.टी. लागली. इंदू खिडकीशी बसली. चंपतरावांनी संत्र्यांची एक पेटी टपावर चढवून घेतली, दोरी ओढून पाहिली आणि खाली येऊन उभे राहिले. गोपाळरावांच्या अगदी ओठांपर्यंत एक सुवाच्य, टपोरं, शिरोरेघेसकट वाक्य आलं होतं. ते त्यांनी तसंच गिळलं. फुटबोर्डावर चढून ते मागे वळले.

"दिवाळीले तुमी दोघंबी येजा," ते म्हणाले. "अन् लवकर येजा, चुलीपाशी तुमालेच उभं राहा लागन. यंदा मी आचारी सांगत नाही."

"वांगे चांगले आणून ठेवजा," चंपतराव म्हणाले, आणि कंडक्टरने घंटी मारली.